बचावाचा गुरु

जगांत कीर्ति बहुधा पुढें धावणाऱ्याच्या गळ्यांत माळ घालते. जो किल्ला सर करितो त्याचे पोवाडे होतात. जो किल्ला राखतो त्याचें नांव दप्तरांत पडून राहतें, आणि कित्येकदां तेथेंही राहत नाहीं. खेळांतही हाच न्याय चालतो. ज्यानें गोल केला त्यास सवंगडी खांद्यावर घेतात. ज्यानें चार गोल होऊं दिले नाहींत तो आपले बूट हातांत घेऊन मुकाट्यानें घरीं जातो. म्हणून ह्या अंकांत, ज्यांनीं आपलें सारें आयुष्य राखण्याच्या कलेस वाहिलें अशा एका शिक्षकाची हकीगत आम्ही वाचकांस सादर करीत आहों. हे शिक्षक म्हणजे अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाचे बचाव-शिक्षक बड फॉस्टर. १९८७ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे ३३ हंगाम, ते एकाच संस्थेंत राहिले. मुख्य शिक्षकाची खुर्ची त्यांस कधींच मिळाली नाहीं. तरी त्या विद्यापीठाच्या खेळाचा लौकिक ज्या गोष्टींमुळें देशभर पसरला, त्यांत फॉस्टर यांच्या बचावफळीची गणना अगदीं प्रथम करावी लागते.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेंत 'फुटबॉल' म्हणून जो खेळ म्हणतात तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू अंडाकृति असतो, आणि पायापेक्षां हातांतच अधिक वेळ राहतो. मैदान एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत १०० यार्ड लांब असतें. प्रत्येक बाजूस ११ गडी खेळतात, आणि १५ मिनिटांचा एक असे चार डाव होतात. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिला १० यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार प्रयत्न मिळतात. तेवढें साधलें तर पुन्हां नवे चार प्रयत्न; न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाचा. चेंडू गोलरेषेपलीकडे नेला म्हणजे 'टचडाउन' होतें व त्याचे ६ गुण मिळतात. त्यानंतर लाथेनें एक अथवा पुन्हां चेंडू आंत नेऊन दोन गुण अधिक मिळवितां येतात. दूरवरून चेंडू लाथेनें खांबांमधून घातला तर ३ गुण. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ क्षणभर थांबतो आणि दोन्ही पक्ष पुन्हां मांडणी करितात. त्यामुळें ह्या खेळांत हुतुतूचा दम आणि बुद्धिबळाचा डाव, दोन्ही एकत्र आले आहेत.

ह्या खेळांत चढाई करणाऱ्यास एक मोठा लाभ असतो. चेंडू कोठें जाणार, केव्हां सुटणार, हें त्यास आधीं ठाऊक असतें. बचाव करणाऱ्यास तें ठाऊक नसतें; त्यास तें ओळखावें लागतें, आणि तेंही पापणी लवते न लवते एवढ्या अवधींत. चढाईचें काम रचण्याचें आहे, बचावाचें काम वाचण्याचें आहे. जो वाचावयास शिकवितो तो बचाव-शिक्षक.

परंतु असा स्वतंत्र शिक्षक प्रथमपासून नव्हता. पूर्वीं जे अकरा गडी चढाई करीत तेच चेंडू गेल्यावर बचावासही उभे राहत. १९४१ सालीं गडी बदलण्याचे नियम सैल झाले. पुढें १९४५ सालीं मिशिगन विद्यापीठाचे शिक्षक फ्रिट्झ क्राइसलर यांजपुढें मोठें संकट उभें राहिलें. महायुद्धामुळें त्यांच्यापाशीं बहुतेक कोवळीं पोरें उरलीं होतीं, आणि सामना होता अमेरिकेच्या लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघाशीं. तेव्हां त्यांनीं एक तुकडी चढाईस आणि दुसरी बचावास अशी वांटणी केली. तो सामना मिशिगन संघ ७ विरुद्ध २८ गुणांनीं हरला. पण त्या वांटणीचें शहाणपण सर्वांस पटलें. १९५३ सालीं नियम पुन्हां आवळले गेले व दोन तुकड्यांची पद्धति बंद पडली. १९६० नंतरच्या दशकांत ते पुन्हां सैल झाल्यावर मात्र ती कायमची रूढ झाली. दोन तुकड्या झाल्या तेव्हां दोन विद्या झाल्या, आणि दोन विद्या झाल्या तेव्हां दोन प्रकारचे गुरु लागले. अशा रीतीनें बचाव-शिक्षकाचा पेशा जन्मास आला. त्यास तिकडे 'डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर' असें म्हणतात.

ह्या पेशाची शिडी पायरीपायरीनेंच चढावी लागते. बहुधा स्वतः कॉलेजांत खेळलेला तरुण पदवी मिळाल्यावर तेथेंच पुढील शिक्षण घेत अल्प वेतनावर मदतनीस म्हणून राहतो. सामन्यांच्या चित्रफिती लावणें, तक्ते काढणें, सरावाच्या वेळीं सामान मांडणें, अशीं कामें त्याच्या वांट्यास येतात. त्यानंतर एखाद्या जागेच्या गड्यांचा तो शिक्षक होतो. पुढें सगळ्या बचावाचा. आणि दैवानें साथ दिली तर संघाचा मुख्य शिक्षक. वाट अस्थिर असते. मुख्य शिक्षकास काढलें कीं त्याच्या हाताखालच्या मंडळीसही बहुधा बिऱ्हाड हालवावें लागतें. मुलांच्या शाळा बदलतात, घरें बदलतात, आणि पुन्हां नव्या गांवीं पहिल्यापासून आरंभ होतो. म्हणूनच एका ठिकाणीं ३३ हंगाम काढणारा सहायक शिक्षक हा ह्या व्यवसायांतील एक चमत्कारच समजला पाहिजे.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ सालीं केंटकी राज्यांतील सॉमरसेट येथें झाला. त्यांचें बालपण इलिनॉय राज्यांतील नोकोमिस ह्या लहानशा गांवीं गेलें. पुढें केंटकीच्या पश्चिम भागांतील मरे स्टेट ह्या विद्यापीठाकडून ते खेळले, तेही बचावाच्याच बाजूस. तेथें बचाव शिकविणारे फ्रँक बीमर हे १९८१ सालीं मुख्य शिक्षक झाले, आणि त्याच वर्षीं फॉस्टर हे मदतनीस म्हणून त्यांच्या हाताखालीं रुजू झाले. बीमर हे मूळचे व्हर्जिनिया टेकचे विद्यार्थी. त्यांच्या जुन्या संस्थेनें त्यांस बोलाविलें, तेव्हां १९८७ च्या हंगामास ते ब्लॅक्सबर्ग ह्या डोंगराळ प्रदेशांतील गांवीं गेले आणि जातांना ह्या तरुण मदतनीसास बरोबर घेऊन गेले.

आरंभींची वर्षें कष्टाचीं गेलीं. १९९२ सालीं तर संघाचे केवळ २ विजय, ८ पराभव आणि १ सामना बरोबरीचा, अशी स्थिति झाली. दुसऱ्या एखाद्या संस्थेनें सर्व शिक्षकांस निरोप दिला असता. ह्या विद्यापीठानें तसें केलें नाहीं. बीमर यांजवरील विश्वास कायम ठेवला. पुढच्याच वर्षीं संघानें ९ सामने जिंकले, आणि तेव्हांपासून २०१९ पर्यंत सलग २७ वर्षें हंगामाच्या अखेरच्या मानाच्या सामन्यांत ह्या संघाची हजेरी चुकली नाहीं. एका वर्षाच्या निकालावरून मुलाची किंमत ठरविणाऱ्या पालकांनीं ह्या गोष्टीचा अवश्य विचार करावा. पेरलेलें उगवावयास ऋतु लागतो, आणि उगवण्यापूर्वीं जमीन ओसाडच दिसते.

१९९५ सालीं फॉस्टर यांजकडे रॉड शार्पलेस ह्या सहकाऱ्यासह बचावाची संयुक्त जबाबदारी आली, आणि १९९६ पासून ती एकट्यांकडे राहिली. १९९५ चा तो हंगाम मोठा विलक्षण ठरला. पहिले दोन सामने संघानें गमावले. पुढचे दहाही जिंकले. त्यांतील शेवटचा म्हणजे ३१ डिसेंबर रोजीं झालेला 'शुगर बोल' नांवाचा सामना. त्यांत टेक्सस विद्यापीठाचा २८ विरुद्ध १० गुणांनीं पराभव झाला.

आतां हे बचाव-शिक्षक नेमकें शिकवितात तरी काय, तें पाहूं. बचावाच्या तीन रांगा असतात. अगदीं पुढें धिप्पाड गडी, चढाईच्या फळीशीं छातीला छाती भिडवून उभे. त्यांच्या मागें 'लाइनबॅकर' म्हणजे बळ आणि वेग दोन्ही असलेले गडी. आणि सर्वांत मागें चपळ राखणदार, ज्यांनीं हवेंतून फेंकलेला चेंडू अडवावयाचा. समोरच्या फळींतील दोन गड्यांमध्यें जी जागा असते तिला फट म्हणूं. प्रत्येक फट कोणा तरी एकाच्या नांवावर असते. ज्याच्या नांवावर जी फट, त्यानें ती सोडूं नये, हा बचावाचा पहिला धडा. ऐकावयास हा सोपा वाटतो. पण प्रत्यक्षांत चेंडू डावीकडे जातांना दिसला कीं प्रत्येकाचा पाय डावीकडे ओढला जातो. त्यास वाटतें, आपणच जाऊन त्यास पकडावें. इतक्यांत चेंडूवाला वळतो आणि ह्यानें सोडलेल्या फटींतून निसटतो. म्हणजे आळस केल्यानें जेवढे गुण जातात, तेवढेच अस्थानीं शौर्य केल्यानेंही जातात! आपलें काम सोडून दुसऱ्याचें काम करावयास धावणें हा बचावांतील मोठा दोष होय.

फॉस्टर यांची स्वतःची विशेष पद्धति अशी कीं, बहुतेक संघ पुढच्या भागांत सात गडी ठेवीत तेथें ते आठवा गडी आणून उभा करीत. त्यांच्या मांडणींत 'रोव्हर' आणि 'व्हिप' अशीं नांवें असलेल्या दोन जागा प्रसिद्ध झाल्या. ह्या जागांवरील गड्यास पुढें धावून आडवेंही यावें लागे आणि मागें हटून फेंकलेला चेंडूही राखावा लागे. आठ गडी पुढें आल्यामुळें प्रतिपक्षास चेंडू घेऊन धावणें कठीण होई. पण ह्या लाभाचें मोलही द्यावें लागे. मागें राखणदार थोडे उरत, आणि त्यांतील प्रत्येकास आपापल्या माणसाशीं एकट्यानें झुंजावें लागे. तो एकदां चुकला तर त्याच्या मागें सावरणारा कोणी नसे. म्हणून ज्या गड्यांवर पूर्ण विश्वास टाकतां येईल असे गडी घडविणें हेंच त्या पद्धतीचें मर्म होतें. डावपेंच कागदावर काढतां येतो, विश्वास कागदावर काढतां येत नाहीं.

सामने बहुधा शनिवारीं होतात, परंतु खरें काम आदल्या आठवड्यांतच होऊन जातें. प्रतिपक्षाच्या मागील सामन्यांच्या चित्रफिती शिक्षक पुनःपुन्हां पाहतात. तिसऱ्या प्रयत्नांत दोनच यार्ड उरले असतां हा संघ धावतो कीं फेंकतो? त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, घाईंत असतां कोणत्या बाजूस पाहतो? अमुक गडी पाय जरा मागें ठेवून उभा राहिला तर काय होतें? अशा शेंकडों प्रश्नांचीं उत्तरें टिपून त्यांतून आठवड्याचा बेत तयार होतो. नियमाप्रमाणें विद्यार्थ्यांस हंगामांत आठवड्यास २० तासांपेक्षां अधिक सराव देतां येत नाहीं. म्हणून शिक्षकानें जें शेंकडों प्रकारें जाणलें, तें गड्यांस मोजक्या शब्दांत सांगावें लागतें. फॉस्टर यांच्या काळीं कॉलेजच्या सामन्यांत गड्याच्या कानाशीं बोलण्याचें यंत्रही नव्हतें. २०२४ पासून मोठ्या विद्यापीठांच्या संघांस तें वापरण्याची मुभा मिळाली. तोंवर बाजूस उभें राहून हातांच्या खुणा करावयाच्या, आणि पुढचें सर्व मैदानावरील मुलांच्या स्मरणशक्तीवर व धैर्यावर सोडावयाचें. खऱ्या शिक्षकाची परीक्षा अशीच होते. परीक्षेच्या दालनांत गुरुजींस प्रवेश नसतो.

फॉस्टर यांच्या बचावफळीची सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे एक जेवणाचा डबा. १९९५ सालीं त्यांनीं व शार्पलेस यांनीं तो संघांत आणला. कोळशाच्या खाणींत उतरणारे कामगार आपली भाकरी ज्यांत नेतात तसा हा पत्र्याचा, जुनाट, पोंचे पडलेला डबा. व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला मुलूख कोळशाच्या खाणींचा आहे. तेथील माणसें रोज पहाटे असा डबा हातांत घेऊन कामावर जात. त्यांचे कोणी सत्कार करीत नसत. तुम्हीही असेच कामावर जा, रोज जा, आणि दिवसाचें काम दिवसास पुरें करा, हा त्या डब्याचा अर्थ. त्यांत संघाचीं उद्दिष्टें लिहिलेला कागद असे. ज्या गड्याचें काम उत्तम झालें असेल त्यास तो डबा वाहून नेण्याचा मान मिळे. चांदीचा पेला नव्हे, रेशमी पट्टा नव्हे, तर पत्र्याचा डबा! परंतु त्या डब्यासाठीं पहाडासारखे तरुण जीव तोडून खेळले. ज्या मुंबईंत गिरणीच्या भोंग्याबरोबर हजारों डबे घराबाहेर पडत, तेथील लोकांस ह्या डब्याची थोरवी निराळी सांगावयास नको.

ह्या डब्यावर पुढें असा एक प्रसंग आला कीं, त्याची कोणासही कल्पना नव्हती. १६ एप्रिल २००७ ह्या दिवशीं त्या विद्यापीठांत एका माथेफिरू विद्यार्थ्यानें गोळ्या झाडून ३२ विद्यार्थी व अध्यापक यांचे प्राण घेतले. त्यांत आपल्या देशांतून गेलेले एक प्राध्यापक होते, आणि वास्तुशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती. शोक असा अनावर झाला असतां खेळाचा शिक्षक काय करूं शकतो? तो मेलेल्यांस परत आणूं शकत नाहीं, कीं घडलेल्याचा अर्थही सांगूं शकत नाहीं. फॉस्टर यांच्या संघानें एवढेंच केलें कीं, त्या हंगामांत त्या ३२ जणांचीं नांवें डब्याबरोबर बाळगलीं. म्हणजे मुंबईच्या त्या मुलीचें नांव, जिनें अमेरिकन फुटबॉलचा डाव कधीं मन लावून पाहिला असेल वा नसेल, तेंही ज्या मुलांनीं तिला ओळखलें नव्हतें त्यांनीं हंगामभर आपल्याबरोबर नेलें.

१ सप्टेंबर २००७ रोजीं विद्यापीठाच्या लेन मैदानावर पहिला सामना झाला. ईस्ट कॅरोलायनाच्या संघास बचावफळीनें केवळ ७ गुण मिळूं दिले आणि सामना १७ विरुद्ध ७ असा जिंकला. येथें कथा संपविली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु खरें जीवन तसें नसतें. पुढच्याच शनिवारीं लुइझियाना स्टेटच्या संघानें त्यांचा ४८ विरुद्ध ७ असा धुव्वा उडविला. डब्यांत नांवें होतीं म्हणून प्रतिपक्षानें दया केली नाहीं, आणि करूंही नये. मात्र संघ खचला नाहीं. त्या वर्षीं ११ विजय मिळवून त्यांनीं आपल्या गटाचें अजिंक्यपद संपादिलें. दुःख उरांत ठेवून दुसऱ्या दिवशीं कामावर जाणें हीच त्या डब्याची शिकवण होती, आणि ती त्या वर्षीं कसास लागली.

फॉस्टर यांच्या कारकीर्दीचें मोजमाप विजयांनीं करूं गेल्यास तेंही थोडें नाहीं. १९९९ च्या हंगामांत त्यांचा संघ एकही सामना न हरतां राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. ४ जानेवारी २००० रोजीं फ्लोरिडा स्टेटनें तो २९ विरुद्ध ४६ असा हरविला. २००६ सालीं त्यांच्या बचावफळीनें प्रतिपक्षांस सामन्यास सरासरी ११ गुणच मिळूं दिले, आणि त्या बाबतींत ती साऱ्या देशांत पहिली आली. त्याच वर्षीं सहायक शिक्षकांसाठीं असलेलें 'ब्रॉइल्स पारितोषिक' फॉस्टर यांस मिळालें. ६ सप्टेंबर २०१४ रोजीं ओहायो स्टेटच्या मैदानावर त्यांनीं जवळजवळ सारे गडी पुढें लोटून त्या संघाच्या नवख्या क्वार्टरबॅकास उसंतच मिळूं दिली नाहीं. सात वेळां त्यास चेंडूसकट खालीं आणलें, आणि सामना ३५ विरुद्ध २१ असा जिंकला. ओहायो स्टेटचा तो त्या हंगामांतील एकमेव पराभव. पुढें तोच संघ राष्ट्रीय अजिंक्य ठरला.

पण त्याच वर्षाची दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजीं वेक फॉरेस्टशीं झालेल्या सामन्यांत ६० मिनिटांच्या सबंध खेळांत फॉस्टर यांच्या बचावफळीनें प्रतिपक्षास एकही गुण मिळूं दिला नाहीं. दुर्दैवानें आपल्या चढाईलाही एकही गुण मिळाला नाहीं! जादा डावांत सामना ३ विरुद्ध ६ असा हातचा गेला. आपलें काम निर्दोष करूनही हार पत्करावी लागणें, हें बचाव करणाऱ्याच्या कपाळीं लिहिलेलेंच असतें. अशा वेळीं चढाईच्या गड्यांकडे बोट न दाखवितां पुढच्या सोमवारीं पुन्हां सरावास उभें राहणें ह्यास जी मनाची ठेवण लागते, ती विजयानें येत नाहीं.

२०१५ च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाले. २९ वर्षें त्यांच्या उजव्या हातास असलेल्या फॉस्टर यांस ती जागा मिळाली नाहीं. बाहेरून जस्टिन फ्युएन्टे हे मुख्य शिक्षक म्हणून आले. वयानें व अनुभवानें लहान अशा माणसाच्या हाताखालीं काम करावयाचें, कीं मान सांभाळून निघून जावयाचें, असा प्रश्न अशा वेळीं कोणाही मानी मनुष्यापुढें उभा राहतो. फ्युएन्टे यांनीं त्यांस राहण्याविषयीं सांगितलें, आणि ते राहिले. त्यांनीं आणखी चार हंगाम त्याच जागेवर, त्याच डब्यासह काम केलें. नव्या मुख्य शिक्षकाचाही ह्यांत मोठेपणा आहे. जुन्या जाणत्या माणसास घरांत ठेवावयास मन मोठें लागतें.

शेवटचीं वर्षें सगळींच गौरवाचीं झालीं असें नाहीं. २०१८ सालीं ओल्ड डोमिनियन ह्या त्यामानानें लहान संघानें त्यांच्या बचावफळीविरुद्ध ४९ गुण केले. १ ऑगस्ट २०१९ रोजीं फॉस्टर यांनीं हा आपला शेवटचा हंगाम असें जाहीर केलें. आणि सप्टेंबरांत ड्यूक विद्यापीठानें त्यांच्याच मैदानावर त्यांचा ४५ विरुद्ध १० असा पराभव केला. म्हाताऱ्या गुरूची विद्या आतां जुनी झाली असें कित्येकांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु १६ नोव्हेंबरास जॉर्जिया टेकविरुद्ध प्रतिपक्षाचे गुण शून्य, आणि २३ नोव्हेंबरास घरच्या मैदानावरील त्यांच्या शेवटच्या सामन्यांत पिट्सबर्गविरुद्ध २८ विरुद्ध शून्य! ज्या मुलांस सप्टेंबरांत फट राखतां येत नव्हती, त्यांनीं दोन महिन्यांत ती राखून दाखविली. त्यानंतरचे दोन सामने मात्र संघ हरला, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजीं केंटकीविरुद्ध ३० विरुद्ध ३७ अशा पराभवानें ती दीर्घ कारकीर्द संपली. शेवटचा सामना जिंकून निघून जाण्याचें भाग्य थोड्यांच्याच वांट्यास येतें; ३३ वर्षांची बेरीज शेवटच्या एका अंकावरून करीत नसतात.

ह्या खेळाचे दोष झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. अमेरिकेंत कॉलेजच्या फुटबॉलभोवतीं पैशाचा महापूर आला आहे. कित्येक राज्यांत सार्वजनिक वेतन घेणाऱ्यांत सर्वांत मोठा पगार विद्यापीठाच्या फुटबॉल-शिक्षकाचा असतो, हें ऐकून आपल्या अध्यापकवर्गास हंसावें कीं रडावें कळणार नाहीं. उलट ज्यांच्या अंगमेहनतीवर हा डोलारा उभा आहे, त्या विद्यार्थ्यांस आपल्या नांवावर व कीर्तीवर पैसे मिळविण्याची मोकळीक २०२१ सालीं प्रथम मिळाली. शिवाय हा खेळ धोक्याचा आहे. १९०५ च्या हंगामांत इतके तरुण प्राणांस मुकले कीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस त्यांत लक्ष घालावें लागलें, आणि १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी देऊन खेळाचें रूपच बदललें. डोक्यावर वारंवार बसणारे आघात मेंदूस कायमची इजा करितात, हें आतां वैद्यांनीं दाखवून दिलें आहे. २०१३ पासून प्रतिपक्षाच्या डोक्यावर हेतुपूर्वक आघात करणाऱ्या गड्यास मैदानाबाहेर काढण्याचा नियम झाला. त्यामुळें डोकें बाजूस ठेवून खांद्यानें कसें धरावें, हें शिकविणें बचाव-शिक्षकाचें कर्तव्यच झालें. जो शिक्षक विजयासाठीं शिष्याचें डोकें पणास लावतो तो शिक्षक नव्हे, जुगारी होय.

आतां आमच्या विद्यार्थी मित्रांसाठीं दोन शब्द. तुमच्यांपैकीं फार थोडे जण वर्गांत पहिले येणार, आणि त्याहून थोडे जण पुढें मुख्याध्यापक, कलेक्टर किंवा सेनापति होणार. उरलेल्यांनीं आपलें आयुष्य वायां गेलें असें समजावयाचें काय? फॉस्टर यांचें चरित्र ह्या प्रश्नास उत्तर देतें. मान दुसऱ्या जागेचा असला तरी काम पहिल्या प्रतीचें करतां येतें. ज्या संस्थेनें ठेवलें तिच्याशीं इमान राखतां येतें. रोज नवीं मुलें येतात, चार वर्षांत निघून जातात. तरी त्याच फटी, तेच धडे, तितक्याच आस्थेनें शिकवितां येतात. तुमच्या शाळेंतही असे शिक्षक आहेत. त्यांच्याकडे जरा डोळे उघडून पाहा.

आणि पालकांस आमची विनंति अशी. मुलगा अथवा मुलगी खेळून घरीं आली म्हणजे 'गोल किती केले?' एवढेंच विचारूं नये. 'राखलें काय?' असेंही एकदां विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां मूल आपली जागा, आपली जबाबदारी आणि आपल्या शेजारी उभा असलेला गडी, ह्या तिन्ही गोष्टींचा विचार करूं लागेल. घर, गांव आणि देश पुढें धावणाऱ्यांनीं वाढतात खरे. पण ते टिकतात आपली फट न सोडणाऱ्यांच्या बळावर. असे लोक आमच्या शाळेंतून पुष्कळ निघोत, आणि त्यांच्या हातांतला डबा कधीं रिकामा न राहो, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.